विंडोज ७ वर पायथन: जुन्या लॅबची मांडामांड

मित्राच्या शाळेत दहा कॉम्प्युटर आहेत. दोन जीबी रॅम, ३२ बिट, विंडोज ७. आठवीच्या मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायचं ठरलं. त्याने पायथनच्या साइटवर जाऊन समोर दिसलं ते पिवळं बटण दाबलं, फाइल उतरवली, डबल क्लिक केलं, आणि इन्स्टॉलरने दारातूनच परत पाठवलं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून थोडी जुनी आवृत्ती आणली, तर ती कसल्यातरी डीएलएल फाइलवर (कार्यक्रमांना चालताना लागणारी विंडोजची जोडफाइल) अडली. ती फाइल शोधायला गेला आणि भलत्याच साइटवरून ब्राउझरमध्ये तीन टूलबार घेऊन आला. त्यानंतर मला फोन.

अशा वेळी जो तो म्हणतो, "लिनक्स टाक ना!" बरोबरच आहे. तुमच्या मशीनवर दुसरं काही अडकलेलं नसेल तर खुशाल टाका, पुढचं वाचायची गरज नाही. फक्त ३२ बिटवाल्यांनी डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) १२ घ्यावं, कारण १३ मध्ये ३२ बिट मशीनसाठीचा इन्स्टॉलरच राहिलेला नाही. इथे मात्र त्याच मशीनवर शाळेचं दाखले छापायचं सॉफ्टवेअर होतं, डोंगलवर (मशीनला खोचायची परवान्याची चावी) चालणारं, युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टचं. ते हलवायचं म्हणजे क्लार्कबाईंशी भांडण. तेव्हा विंडोज ७ राहणार हे धरूनच कामाला लागलो.

एक खुलासा. आज्ञा आणि फाइलींची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. मशीनवर ती अर्थातच रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांत टाइप करायची.

कुठपर्यंत जायचं ते आधी ठरवा

मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२० ला थांबवला. पायथनवाल्यांचा नियम असा, की नवी मोठी आवृत्ती निघते त्या दिवशी मायक्रोसॉफ्ट ज्या विंडोजला सांभाळत असेल तेवढ्यांनाच ती चालेल. पायथन ३.९ ऑक्टोबर २०२० मध्ये आलं, म्हणजे विंडोज ७ नऊ महिन्यांनी हुकलं. म्हणून आपली गाडी ३.८ पर्यंत. त्यातही ३.८.१० च घ्यायचं. मे २०२१ मधली ही आवृत्ती ३.८ च्या मालिकेत विंडोजचा तयार इन्स्टॉलर असलेली शेवटची. पुढच्या ३.८.११ ते ३.८.२० नुसत्या सोर्सच्या, म्हणजे मूळ कोडच्या रूपात आल्या, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

बाकीच्या हत्यारांच्याही अशाच शेवटच्या फाइली आहेत. व्हीएस कोड १.७०.३, गिट २.४६.२, गो १.२०, रस्ट १.७७, नोड १३.१४. ब्राउझरमध्ये क्रोम १०९ किंवा फायरफॉक्स ११५ ची ईएसआर (जास्त काळ सांभाळली जाणारी) आवृत्ती. ही यादी भिंतीवर चिकटवा. साइटवरचं मोठं, रंगीत 'डाउनलोड' बटण आता आपल्यासाठी नाही. आपल्याला दर वेळी 'जुन्या आवृत्त्या' असं बारीक अक्षरात लिहिलेल्या दुव्यावर जायचंय.

आठवीला ३.८ पुरेसं आहे का? पुरून उरेल. एफ-स्ट्रिंग आहेत, डेटाक्लास आहेत, वॉलरस नावाचा तो दोन दातांचा ऑपरेटरही आहे. नाही ते मॅच-केस, ते ३.१० मध्ये आलं. इंटरनेटवरचा एखादा कार्यक्रम 'इनव्हॅलिड सिंटॅक्स' म्हणून अडला आणि त्यात मॅच दिसला, तर इफ-एलिफ लिहून पुढे चला.

मशीन ओळखा, आणि घड्याळ बघा

विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, चौकटीत 'विनव्हर' लिहा. खिडकीत ७६०१ आणि सर्व्हिस पॅक १ दिसायला हवं. ७६०० दिसलं तर सर्व्हिस पॅक नाही, तो आधी टाका. त्याच्याशिवाय पुढचं काहीही बसणार नाही. मग विंडोजची कळ आणि पॉज. 'सिस्टिम टाइप'समोर ३२ की ६४ ते कागदावर लिहून घ्या. दहा मशीन असतील तर दहाही बघा. आमच्या दहांत एक ६४ निघालं.

आता उजव्या कोपऱ्यातली तारीख. हसू नका, अर्धा दिवस इथेच गेला होता. जुन्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल मेलेला असतो. लाइट गेली की मशीन थेट २००९ सालात जाऊन बसतं. तारीख मागची असली की प्रत्येक सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र 'अजून सुरूच झालेलं नाही' असं मशीनला वाटतं, आणि ब्राउझरपासून पिपपर्यंत (पायथनची जोड-पॅकेजं उतरवणारं साधन) सगळे प्रमाणपत्राच्या नावाने रडतात. सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. दहा घेऊन या.

पेन ड्राइव्हमधलं गाठोडं

सगळ्या फाइली दुसऱ्या, नव्या मशीनवर उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या. जुन्या मशीनवरून उतरवायच्या भानगडीत पडू नका, तिथला इंटरनेट एक्सप्लोरर निम्म्या साइट उघडतच नाही. फोल्डरमधल्या फाइलींना ज्या क्रमाने टाकायच्या तसे ०१, ०२ असे आकडे द्या. सहाव्या मशीनपर्यंत आपलं डोकं चालेनासं झालेलं असतं, तेव्हा हे आकडे उपयोगी पडतात.

फाइल नीट उतरली का हे तपासायला विंडोज ७ मध्येच सोय आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सर्टयुटिल -हॅशफाइल', पुढे फाइलचं नाव, आणि शेवटी 'एमडी५'. येणारी अक्षरं पायथनच्या डाउनलोड पानावर फाइलसमोर छापलेल्या रांगेशी जुळवा. विंडोज ७ ती दोन-दोनच्या जोड्या पाडून मधे जागा सोडून दाखवतं. त्या जागा धरू नका.

अपडेट: घोडं इथेच पेंड खातं

पायथनच्या आधी विंडोजचे चार तुकडे, म्हणजे अपडेट, बसवावे लागतात. 'केबी' आणि आकडा हा मायक्रोसॉफ्टचा अपडेटचा क्रमांक. मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग या साइटवर क्रमांक टाकून शोधा. आपल्या बिटाची फाइल घ्या, ३२ ची असेल तर नावात एक्स८६ असतं, ६४ ची असेल तर एक्स६४.

पहिला केबी ४४९०६२८. हा अपडेट बसवणाऱ्या यंत्रणेचाच अपडेट. दुसरा केबी ४४७४४१९. याने मशीनला फाइलींवरच्या एसएचए-२ पद्धतीच्या डिजिटल सह्या ओळखता येतात. मायक्रोसॉफ्टने जुन्या एसएचए-१ सह्या बंद केल्यापासून हा नसेल तर नंतरच्या फाइली खोट्या समजून नाकारल्या जातात. क्रम उलटा करू नका, आणि प्रत्येकानंतर रीस्टार्ट करा, मशीनने मागितलं नाही तरी.

तिसरा केबी २९९९२२६. सी भाषेचं नवं रनटाइम, म्हणजे कार्यक्रम चालताना लागणाऱ्या फाइलींचा संच. मित्र ज्या फाइलीच्या शोधात भरकटला होता ती याच्यातली. 'एपीआय-एमएस-विन-सीआरटी' अशा नावाने सुरू होणारी डीएलएल सापडत नाही असं मशीन म्हणालं, की हाच बसलेला नाही असं समजा. पण नाव 'एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ' असं असेल, तर रोग वेगळा. तुम्ही ३.९ किंवा त्यापुढचं पायथन चालवायला बघताय, आणि त्याला अपडेटचं औषध नाही. दोन्ही बाबतीत सुटी डीएलएल कुठल्यातरी साइटवरून आणून सिस्टिम३२ मध्ये टाकायची नाही.

चौथा केबी ३०६३८५८. पायथन ३.८ आपल्या डीएलएल कुठल्या फोल्डरमधून घ्यायच्या हे काटेकोरपणे ठरवतं, आणि त्यासाठी लागणारी विंडोजमधली सोय आधी केबी २५३३६२३ ने येत असे. जुन्या लेखांत तोच क्रमांक दिसेल. त्याच्या जागी आता हा घ्यायचा.

हे बसवताना एक छळ ठरलेला: 'या कॉम्प्युटरवरचे अपडेट शोधत आहे' अशी खिडकी येते आणि तासभर हिरवी पट्टी इकडून तिकडे फिरत राहते. कंट्रोल पॅनेलमधल्या विंडोज अपडेटमध्ये 'कधीही तपासू नका' हा पर्याय निवडा, नेटवर्कची वायर काढा, रीस्टार्ट करा आणि लगेच फाइलवर डबल क्लिक करा. दोन-चार मिनिटांत काम होतं. आणि 'हा अपडेट तुमच्या कॉम्प्युटरला लागू नाही' असं आलं तर घाबरू नका. एकतर तो आधीच बसलेला आहे, नाहीतर तुम्ही ३२ च्या मशीनवर ६४ ची फाइल चालवताय.

पायथन बसवणं

इतकं झालं की हे काम पाच मिनिटांचं. पहिल्याच खिडकीत खाली 'ॲड पायथन ३.८ टू पाथ' असा चौकोन असतो, त्यावर खूण करा. पाथ म्हणजे आज्ञा कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्याची विंडोजची यादी. 'इन्स्टॉल नाऊ' दाबू नका, 'कस्टमाइज' दाबा. पुढे 'सर्व वापरकर्त्यांसाठी' निवडा आणि जागा बदलून सी ड्राइव्हवर थेट 'पायथन३८' असा फोल्डर द्या.

याला कारण आहे. आपसूक निवडलेली जागा वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये, बऱ्याच पायऱ्या आत असते. शाळेतल्या मशीनवर वापरकर्त्याचं नाव कुणी 'संगणक कक्ष' असं मराठीत, मधे जागा सोडून ठेवलेलं असतं. काही जुनी पॅकेजं अशा पत्त्यावर अडखळतात. शिवाय विंडोज ७ मध्ये पत्त्याची लांबी २६० अक्षरांच्या आत ठेवावी लागते. ती मर्यादा उठवायचं बटण विंडोज १० वर मिळतं, इथे नाही. सी ड्राइव्हच्या उंबरठ्यावर राहिलेलं बरं. 'डिबगिंग सिम्बॉल्स'च्या चौकोनाला हात लावू नका, ते इंटरनेटवरून उतरवायला जातं.

कमांड प्रॉम्प्ट नव्याने उघडा (आधीचा उघडा असेल तर त्याला नवा पाथ कळत नाही) आणि 'पायथन -व्ही' लिहा, व्ही मोठ्या लिपीतला. ३.८.१० दिसलं की चहा घ्यायला हरकत नाही.

दहा मशीन असतील तर पुढच्या नऊंवर क्लिक करत बसू नका. इन्स्टॉलरच्या नावापुढे '/क्वाएट इन्स्टॉलऑलयूजर्स=१ प्रिपेंडपाथ=१ टार्गेटडिर=', आणि फोल्डरचा पत्ता, एवढं एका बॅच फाइलमध्ये लिहा आणि ती ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा.

पॅकेजं: नेट असताना आणि नसताना

नेट असेल तर आधी 'पायथन -एम पिप इन्स्टॉल --अपग्रेड पिप'. पिप स्वतःच २५.०.१ वर थांबेल, ती ३.८ वर चालणारी शेवटची. बाकीच्या पॅकेजांचंही तसंच. आवृत्ती सांगायची गरज नाही, पिप आपल्याला झेपेल ती शोधतं. आकडेमोडीचं नमपाय १.२४.४ येतं, तक्त्यांचं पांडाज २.०.३, आलेखांचं मॅटप्लॉटलिब ३.७.५, वेबसाइटचं जँगो ४.२.

'व्हिज्युअल सी++ १४ हवं' असा लाल मजकूर धो-धो वाहू लागला तर समजा की त्या पॅकेजचा तयार डबा आपल्या मशीनसाठी नाही आणि पिप ते सोर्सपासून शिजवायला बसलंय. कंपायलर बसवायच्या मागे लागू नका. आज्ञेत '--ओन्ली-बायनरी=:ऑल:' घाला, म्हणजे पिप तयार डबा असलेली मागची आवृत्ती शोधेल. तीही नसली तर ते पॅकेज सोडा.

शाळेत नेट नसेल तर गाठोडं बाहेरून बांधून आणायचं. समजा फ्लास्क (वेबसाइट बनवायचं पॅकेज) हवंय. नव्या मशीनवर 'पिप डाउनलोड --ओन्ली-बायनरी=:ऑल: --प्लॅटफॉर्म विन३२ --पायथन-व्हर्जन ३.८ -डी गाठोडं फ्लास्क'. पेन ड्राइव्ह घेऊन शाळेत जा, आणि तिथे 'पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स गाठोडं फ्लास्क'.

हे वाचायला सरळ आहे, पण यात एक खड्डा आहे, आणि मी त्यात पडून शाळेची एक फेरी वाया घालवली. 'माझं पायथन ३.१० च्या खालचं असेल तरच हे जोडपॅकेज लागेल' अशा अटी पॅकेजांनी लिहिलेल्या असतात. फ्लास्कला तसं इम्पोर्टलिब-मेटाडेटा लागतं, जँगो ४.२ ला ३.८ वर बॅकपोर्ट्सचं झोनइन्फो लागतं. वरच्या आज्ञेत ३.८ लिहिलं तरी पिप या अटी स्वतः ज्या पायथनवर चालतंय त्याच्यावरून तपासतं. नव्या मशीनवर ३.१२ असेल तर ती जोडपॅकेजं गाठोड्यात येतच नाहीत, आणि शाळेत गेल्यावर कळतं. उपाय सोपा आहे: नव्या मशीनवरही शेजारी पायथन ३.८ बसवा, आणि आज्ञेची सुरुवात 'पीवाय -३.८ -एम पिप' अशी करा.

प्रमाणपत्रांची आणखी एक गंमत. पिप व्यवस्थित उतरवतं, पण मुलांनी लिहिलेला युआरएललिबचा (पायथनमधलंच, वेबपान आणायचं साधन) चार ओळींचा कार्यक्रम 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड' म्हणून पडतो. पिप आपली मूळ प्रमाणपत्रं बरोबर घेऊन फिरतं. युआरएललिब मात्र विंडोजच्या कपाटात आत्ता जी आहेत तेवढीच बघतं. विंडोज नवी मूळ प्रमाणपत्रं गरज पडेल तेव्हा एकेक आणतं, आणि फारसं बाहेर न गेलेल्या मशीनच्या कपाटात लेट्स एन्क्रिप्ट या, साइटना फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचं आयएसआरजी रूट एक्स१ नसतंच. त्यांचं जुनं मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं. तीच साइट एकदा इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडली तर बहुधा काम होतं. फायरफॉक्समध्ये उघडून उपयोग नाही, त्याचं कपाट वेगळं आहे. नाहीतर सर्टिफाय हे मूळ प्रमाणपत्रांचं पॅकेज टाकून त्याच्या फाइलचा पत्ता कार्यक्रमात द्या. तपासणीच बंद करायचा सल्ला इंटरनेटवर ढिगाने मिळेल. मुलांना तो शिकवू नका.

एडिटर

दोन जीबीत व्हीएस कोड उघडतं, पण मग दुसरं काही उघडत नाही. वापरायचंच तर १.७०.३ ची ३२ बिट फाइल घ्या आणि सेटिंग्जमध्ये 'अपडेट मोड' लगेच 'नन' करा.

मी थॉनी हा शिकणाऱ्यांसाठीचा एडिटर टाकला. त्यांच्या डाउनलोड पानावर ३२ बिट पायथन ३.८ पोटात असलेली वेगळी फाइल आहे, खास विंडोज ७ वाल्यांसाठी. एकच मशीन असेल आणि फक्त शिकायचं असेल तर वरचं वेगळं पायथन न बसवताही भागतं. थॉनीत व्हेरिएबलची किंमत बाजूच्या खिडकीत बदलताना दिसते, शिकवणाऱ्याचा निम्मा घसा वाचतो. वेगळं पायथन बसवलंच असेल तर 'टूल्स'मधल्या 'ऑप्शन्स'मध्ये 'इंटरप्रिटर' बदलून सी ड्राइव्हवरचं दाखवा, म्हणजे दोन संसार होत नाहीत.

कॉलेजची मुलं सी मागतील. त्यांना कोड ब्लॉक्स २०.०३ हा एडिटर, मिंगडब्ल्यूसकट (विंडोजवरचा जीसीसी हा सीचा कंपायलर) असलेली ३२ बिट फाइल. निळ्या पडद्याच्या टर्बो सीवर ज्यांनी क्लिअर स्क्रीन घोकलंय त्यांना जीसीसी ओळख दाखवणार नाही. ती ओळ काढून टाका, मेनच्या आधीचा व्हॉइड बदलून इंट करा, आणि बहुतेक वेळा कार्यक्रम चालतो.

मराठी अक्षरं

मुलं पहिल्या दिवशी स्वतःचं नाव छापतात, आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये चौकोन दिसतात. चूक पायथनची नाही. ३.६ पासून पायथन विंडोजच्या कन्सोलला युनिकोडच देतं, त्या काळ्या खिडकीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही इतकंच. थॉनीत किंवा आयडलमध्ये (पायथनबरोबर येणारा एडिटर) चालवा, मंगल फॉन्ट धावून येतो आणि नाव दिसतं. कर्सर जोडाक्षरांत थोडा भरकटतो, तेवढं सोसा.

फाइलीचं दुखणं वेगळं. ओपन करताना एन्कोडिंग (अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवली ते) सांगितलं नाही तर पायथन विंडोजची जुनी कोडपेज, म्हणजे जुनी अक्षरयादी धरतं, साधारण १२५२, आणि 'चारमॅप' असं काहीतरी पुटपुटत पडतं. प्रत्येक ठिकाणी 'एन्कोडिंग=यूटीएफ-८' लिहायची सवय लावा. लॅबमध्ये सगळ्यांकडून ती लागेपर्यंत सिस्टिम व्हेरिएबलमध्ये 'पायथनयूटीएफ८' नावाने १ ठेवा. विंडोज ७ चं नोटपॅड यूटीएफ-८ मध्ये साठवताना फाइलच्या डोक्यावर एक न दिसणारं चिन्ह ठेवतं, त्यामुळे पहिल्या विद्यार्थ्याचं नाव शोधूनही सापडत नाही. तिथे वाचताना 'यूटीएफ-८-सिग' लिहा. गुणपत्रकाची सीएसव्ही लिहितानाही तेच, तर एक्सेल ती मराठीत उघडेल.

'मराठी' या शब्दाची लांबी मोजायला सांगा. मुलं तीन म्हणतात, पायथन पाच म्हणतं. काना आणि वेलांटी वेगळ्या मोजल्या जातात हे सांगण्यात माझा एक अख्खा तास गेला, आणि तो लॅबमधला सगळ्यात चांगला तास होता.

शेवटची बांधाबांध

या मशीनवरून बँक नाही, शाळेचे सरकारी लॉगिन नाहीत, कुणाचं खाजगी ईमेल नाही. सुरक्षा दुरुस्त्या थांबलेलं मशीन आहे हे विसरायचं नाही. शक्य असेल तर नेट फक्त पॅकेज उतरवण्यापुरतं जोडा. मदतीसाठी नेट लागतंच असं नाही. ३.८ च्या इन्स्टॉलरबरोबर संपूर्ण मॅन्युअल येतं, आयडलमध्ये एफ१ दाबलं की उघडतं.

सगळं चालतंय अशी खात्री झाली की कंट्रोल पॅनेलमधल्या 'बॅकअप अँड रिस्टोअर'मधून सिस्टिम इमेज काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवा. पेन ड्राइव्हवरचं गाठोडं आणखी एका ठिकाणी ठेवा. या जुन्या फाइली साइटवर कायम राहतीलच असं धरून चालू नका.

मित्राने प्रत्येक सीपीयूवर मार्करने '३.८.१० – अपडेट करू नये' असं लिहून वर सेलोटेप लावलाय. दाखल्यांचं सॉफ्टवेअर अजून चालतंय, डोंगलसकट.